नाइटच्या आठवड्यात जिना

आमच्या फ्रीजवर दोन कागद चिकटवलेले आहेत. एक थोरल्याच्या शाळेचं वेळापत्रक, दुसरा नवऱ्याच्या कंपनीचा शिफ्टचा तक्ता. मी पळते ती त्या दुसऱ्या कागदाच्या हुकमावर.

गेल्या महिन्यात आमच्या पतसंस्थेत एक नवी मुलगी लागली. कॅशवरच्या मॅडम हाफ मॅरेथॉन पळतात, असं तिला कुणीतरी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तिने विचारलं, "मॅडम, तुमचा ट्रेनिंग प्लॅन काय असतो?" मी म्हटलं, "फर्स्ट, सेकंड, नाइट." तिला वाटलं हा पळण्याचाच काहीतरी प्रकार असेल. ती मोबाइलमध्ये शोधायला लागली. मी हसले, पण समजावून सांगेपर्यंत काउंटरवर माणूस येऊन उभा राहिला आणि ते राहूनच गेलं. तिचं लग्न ठरलंय, ती स्वतः कॉलेजात आठशे मीटर पळायची. म्हणून आज हे लिहायला बसले. नवरा आत्ताच कंपनीच्या गाडीने नाइटला गेला. थोरला, वय आठ, आडवा होऊन झोपलाय. धाकटी, वय तीन, झोपल्यासारखी आहे.

तर प्लॅन असा.

सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. तो पावणेबाराला घरी येतो, जेवतो, झोपतो, आणि सकाळी घरात असतो. हा माझा सुगीचा आठवडा. पाचला उठायचं, मागच्या दाराने बाहेर पडायचं, साताऱ्याच्या मंगळवार पेठेतून समर्थ मंदिरापाशी जायचं. तिथे आम्ही चौघी भेटतो. एक नर्स, एक शाळेत शिकवते, एकीचं गोडोलीला शिलाईचं दुकान आहे, आणि मी. तिथून यवतेश्वरचा घाट. देवळापर्यंत वर जाऊन परत आलं की साधारण दहा किलोमीटर होतात. पावसाळ्यात धुकं इतकं असतं की पुढचीचा पाय दिसतो आणि डोकं दिसत नाही. एकटीने मी घाटात जात नाही. बिबट्याची भीती आहेच, पण खरं सांगू, बिबट्यापेक्षा पहाटे मुद्दाम वेग कमी करून शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलची भीती जास्त. चौघी असलो की ती मोटरसायकल वेग कमी करत नाही.

फर्स्ट म्हणजे सात ते तीन. त्या आठवड्यात सकाळचं नाव काढायचं नाही. सहाला त्याची गाडी, त्याआधी डबा, मग थोरल्याचा डबा, धाकटीचं दूध, पाणी भरणं. पण तो साडेतीनला घरी येतो आणि मुलं त्याच्या ताब्यात जातात. मग मी संध्याकाळी पळते. आमच्या पतसंस्थेला युनिफॉर्मची साडी आहे, निळी, जरीच्या काठाची, आणि सिंथेटिक. सहा वाजता कॅश जुळली की बाथरूममध्ये जाऊन साडीची घडी करून पिशवीत घालते आणि ट्रॅक पँटवर बाहेर येते. शिपाईमामा रोज तोच प्रश्न विचारतात, "निघाली का मेल गाडी?" मग शाहू स्टेडियममध्ये गोल गोल फेऱ्या. कंटाळवाणं काम. पण पोवई नाक्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत पळण्यापेक्षा गोल गोल बरं. तिथे एकदा दुभाजकाला अडकून गुडघा फोडून घेतलाय.

कॅश जुळली की, असं म्हटलं खरं. न जुळली तर? दोनशे रुपयांचा फरक लागला की साडेसात वाजतात. त्या दिवशी पळणं गेलं. त्याचा हिशेब कुणाकडे मागायचा नसतो.

आणि मग नाइट. रात्री अकरा ते सकाळी सात. तो घरी पोचतो पावणेआठला, डोळे लाल झालेले असतात. पहाटे घरात मी आणि दोन झोपलेली मुलं. बाहेर जाता येत नाही. पहिली दोन वर्षं नाइटचा आठवडा मी सरळ सोडून द्यायचे आणि त्या आठवड्यात घरात सगळ्यांशी भांडायचे. मग जिना सापडला.

आमची इमारत तीन मजल्यांची. आम्ही तिसऱ्यावर. चोपन्न पायऱ्या. घरातला जुना मोबाइल मुलांच्या उशाशी ठेवायचा, त्यावरून माझ्या मोबाइलला फोन लावायचा आणि चालू ठेवायचा. कानात एकच इअरफोन. त्यातून मला थोरल्याचं घोरणं ऐकू येतं आणि त्या तालावर मी वर-खाली करते. दाराला बाहेरून कुलूप घालत नाही, नुसतं लोटून घेते. मुलांपासून मी जास्तीत जास्त चोपन्न पायऱ्या लांब असते. हे वाचून कुणाला बरं वाटणार नाही, मला माहीत आहे. मलाही पहिले चार दिवस बरं वाटलं नव्हतं. तळमजल्यावरच्या काकूंना विचारूनच सुरू केलं. त्या साडेचारला उठून जपाला बसतात. त्यांनी आधी डोळे मोठे केले, मग म्हणाल्या, "पायऱ्यांवर पाणी सांडलेलं असतं, बघून उतर."

वीस फेऱ्या करायला पाऊण तास लागतो. चढताना दम लागतो, त्यात नवल नाही. नवल उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुखतो तो उतार, चढ नव्हे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी पळलीय त्यांना हे सांगायला नको. अर्धी शर्यत घाट चढायचा, अर्धी तोच घाट उतरायचा. बाहेरगावचे पाहुणे चढाची भीती घेऊन येतात आणि उतारावर मांड्या धरून बसतात. नाइटच्या आठवड्यांनी माझ्या मांड्या अशा केल्या की गेल्या वर्षी उतारावर मी लोकांना मागे टाकत होते. मैदानावरच्या कुठल्या मास्तरने मला जिना शिकवला नव्हता. नाइट शिफ्टने शिकवला.

एक गोष्ट मात्र जिन्यालाही जमत नाही. धाकटीला कुकरच्या शिट्टीने जाग येत नाही. मिक्सरने येत नाही. गल्लीतल्या वरातीच्या डीजेने येत नाही. दाराच्या कडीने येते. कडी सरकताना 'किर्र' झालं की ती ताडकन उठून बसते आणि विचारते, "कुठे?" त्या एका शब्दाने माझ्या किती सकाळी गेल्या असतील, मोजलेलं नाही.

आता त्या मुलीला जे मुद्दाम सांगायचंय त्याकडे येते.

थोरला २०१७ चा. सिझर. आठव्या आठवड्यात मी पळायला गेले. का गेले, तर मला बाळंतपणाचं ते सगळं नको होतं. शेक-शेगडी, धुरी, पोटाला बांधलेला पट्टा, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, डोक्याला फडकं. सासूबाई माण तालुक्यातल्या. म्हणाल्या, "सव्वा म्हैना तरी गप बस." मी सव्वा महिना मोजून बसले आणि वर पंधरा दिवस दिले, म्हणजे उपकारच केले, आणि इथल्या 'चार भिंती' नावाच्या ठिकाणाच्या रस्त्याला लागले. दोन किलोमीटर पळाले. टाके ओढले जात होते ते सोसलं. पण उतारावर लघवी सुटली. थेंब नव्हे. ट्रॅक पँट ओली होण्याइतकी. ओढणी कमरेला बांधून घरी आले आणि कुणाला बोलले नाही.

वर्षभर बोलले नाही. पळायला जाताना पॅड लावायचे. शिंकताना पायाची अढी घालायचे. बाळंतपण झालं की हे असंच राहतं, असं मीच ठरवून टाकलं होतं. एका डॉक्टरांना शेवटी धीर करून विचारलं, तर म्हणाले, मूल लहान आहे, आता कशाला पळता. म्हणजे थेंब गळण्यावर उपाय काय, तर पळू नका. नळ गळतो तर पाणी पिऊ नका म्हटल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला, २०२२ मध्ये, आमच्यातल्या नर्सने मला एका फिजिओकडे नेलं. तिच्याकडून कळलं की ब्रिटनमधल्या तीन फिजिओंनी २०१९ साली बाळंतपणानंतर पळण्याबद्दल एक मार्गदर्शिका लिहिली आहे. त्यात सरळ म्हटलंय, तीन महिन्यांच्या आत पळू नका. कारण समजावं म्हणून तिने मला उभं करून दाखवलं. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो. तो जोर आणि वरून येणारा सगळा भार पेलणारी एक झोळी आहे, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची. नऊ महिने तिच्यावर मूल टांगलेलं होतं. सिझर झालं म्हणून ती झोळी वाचत नाही. हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं सिझर म्हणजे खालचं सगळं शाबूत.

आणि नुसते महिने मोजून भागत नाही. काही गोष्टी दुखल्याशिवाय आणि गळल्याशिवाय करता यायला हव्यात. अर्धा तास चालणं. एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. एका पायावर दहा छोट्या बैठका, मग दुसऱ्या पायावर. जागच्या जागी मिनिटभर पळणं. एका पायावर दहा लंगडी उड्या. लंगडीपाशी मी अडकले. शाळेत लंगडीची कॅप्टन होते मी! तिसऱ्या उडीला थेंब. अडीच महिने ते स्नायू आकसणं आणि सोडणं शिकले. आकसणं सगळे सांगतात, सोडणं कुणी सांगत नाही. कॅशच्या काउंटरवर बसून नोटा मोजताना करता येतं, कुणाला पत्ता लागत नाही. साडेपाच महिन्यांनी पहिली पळापळ झाली. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. थेंब नाही. त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि एका दूधवाल्या मामांनी सायकल थांबवून विचारलं, "ताई, पर्स मारली का कुणी?"

म्हणजे बघा. सासूबाईंच्या सव्वा महिन्याला मी जुनाट म्हणून नाक मुरडत होते. आणि नवं शास्त्र म्हणत होतं, बाई गं, सव्वा महिना कमीच आहे.

हे मी सासूबाईंना सांगितलं. पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "माझं अंग भाईर आलं हुतं." म्हणजे गर्भाशय खाली उतरलं होतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी त्यांनी डोक्यावर पाण्याचा हंडा घेतला होता. माण तालुका, दुष्काळाचं वर्ष, टँकर यायचा तिथून घर लांब. पुढे सतरा वर्षं त्या तसंच घेऊन रानात वाकल्या, बाजाराला गेल्या, मुलांची लग्नं केली. ऑपरेशन झालं ते पन्नाशी उलटल्यावर. नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे माहीत नव्हतं. "आमाला कुणी बस म्हनलं न्हाय. म्हनून तुला म्हनलं." पोळी तव्यावर टाकली आणि विषय संपला.

त्या दिवसापासून आमच्या दोघींमधलं काहीतरी बदललं. पळणं त्यांना आवडायला लागलं, असं मात्र नाही. त्यांचं मत अजून तेच आहे, "कशापायी पळायचं? कोण माघं लागलंय व्हय?" ललिता बाबर माणातलीच, मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली तेव्हा सासूबाईंच्या गावातही पेढे वाटले गेले होते. त्याचा त्यांना अभिमान आहे. पण म्हणतात, "तिचं येगळं. ती देशासाठी पळाली. तू कुणासाठी?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. एकदा मेडल दाखवलं तर हातात घेऊन वजन केलं आणि विचारलं, "पितळ हाय का? मोडीत काय येईल?"

दुधाबद्दल दोन शब्द, कारण तो प्रश्न येतोच. शेजारच्या एका बाईंनी ठामपणे सांगितलं होतं की पळून आल्यावर दूध आंबतं. नाही आंबत. बेताच्या व्यायामाने दूध कमीही होत नाही. अगदी जीव तोडून पळालं तर थोडा वेळ दुधात लॅक्टिक आम्ल किंचित वाढतं, पण बहुतेक बाळांना त्याचं सोयरसुतक नसतं. खरी अडचण वजनाची. भरलेल्या अंगाने पळवत नाही. म्हणून आधी पाजायचं, मग पळायचं, आणि एकावर एक दोन ब्रा. उन्हाळ्यात आणखी एक तांब्या पाणी. बस.

हिमोग्लोबिन मात्र हलक्यात घेऊ नकोस. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं ९.४ होतं. गरोदर नसलेल्या बाईला बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी. मी महिनाभर समजत होते की माझ्यात जिद्द उरली नाही. घाटाच्या पहिल्याच वळणावर छाती फुटायची. जिद्द होती, लोह नव्हतं. गोळ्या घेत होते, पण गोळी गिळली की वर चहा! चहाने लोह शोषलं जात नाही नीट. चहा दीड तास पुढे ढकलला, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग. अडीच महिन्यांत ११.८.

मोबाइलवर आया-धावपटूंच्या गोष्टी फिरत असतात. त्यातली एक मला मनापासून आवडते. जॅस्मिन पॅरिस. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधली स्पाइन रेस, पेनाइन वे या डोंगरवाटेवरची, ४३१ किलोमीटर, तीही कडाक्याच्या थंडीत. ही बाई पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून पहिली आली, ८३ तास १२ मिनिटांत. घरी चौदा महिन्यांची मुलगी होती, म्हणून ही मधल्या थांब्यांवर बसून दूध काढत होती. आम्ही चौघींनी समर्थ मंदिराच्या पायरीवर बसून हे वाचलं. शिक्षिका म्हणाली, "बाप रे." शिलाईवाली म्हणाली, "थंडीत दूध काढायचं म्हणजे..." मी विचारलं, "तिच्या नवऱ्याची कुठली शिफ्ट होती?" सगळ्या हसल्या, पण मी खरंच विचारत होते. तीन रात्री त्या पोरीला कुणी झोपवलं? मला पळणारीपेक्षा त्या माणसाची मुलाखत वाचायची आहे.

कारण आमच्या घरात यावरूनच एकदा मोठं वाजलं. सेकंड शिफ्टचा आठवडा होता. मी घाट करून साडेसातला आले, घामेजलेली, खुशीत. तो धाकटीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला होता. ती पावणेसहालाच उठली होती. तो झोपला होता एक वाजता. मी म्हटलं, आज किती छान धुकं होतं. तो म्हणाला, "तुझं पळणं म्हणजे माझी झोप आहे, एवढं लक्षात ठेव."

मला राग आला. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कॅश मोजताना जाणवलं, तो बरोबर बोलला होता. मी त्याच्या खात्यातून काढत होते आणि माझ्या खात्यात जमा धरत होते. असा व्यवहार आमच्याकडे कुणी केला तर त्याला घरी बसवतात.

तेव्हापासून शिफ्टच्या तक्त्यावर पेनने खुणा आहेत. लाल 'प' म्हणजे माझं पळणं. निळा 'झ' म्हणजे त्याची अखंड झोप, जिच्यात मुलांना घेऊन मी घराबाहेर असते, तळ्याकाठी किंवा राजवाड्यावर. हिरवा 'क' म्हणजे त्याचं टेनिस बॉलचं क्रिकेट. थोरला झाल्यावर ते बंद पडलं होतं. तेव्हा मी ते विचारलंही नव्हतं, आपोआप बंद पडलं असं धरून चालले होते. महिन्याच्या शेवटी आम्ही खुणा मोजतो. कधीच जुळत नाहीत. पण किती फरक आहे ते दोघांना कळतं, आणि ज्याचं देणं लागतं तो गप्प बसतो.

बाबागाडी घेऊन पळायचाही प्रयोग झालाय, तो लवकर आवरते. साधी बाबागाडी पळण्यासाठी नसते, आणि बाळाची मान धरून बसेपर्यंत, म्हणजे सहा-आठ महिने, तिच्यात घालून पळूच नये म्हणतात. मी धाकटी वर्षाची झाल्यावर गोडोलीच्या तळ्यापाशी नेली. चाक खड्ड्यात गेलं, दोन कुत्री मागे लागली, आणि धाकटी आनंदाने ओरडत होती, "अजून!" मी सोडून मजेत सगळे होते.

गेल्या वर्षीच्या शर्यतीचं सांगते. शर्यत रविवारी, आणि नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. त्यातून फर्स्ट. म्हणून सासूबाईंना बोलावलं. शनिवारी संध्याकाळच्या दहिवडीच्या एसटीने आल्या, बरोबर बाजरीचं पीठ आणि एक भोपळा. पहाटे मी निघताना म्हणाल्या, "पोरांस्नी घिऊन रस्त्यावर येते. लोकं बगत्यात म्हनं."

साताऱ्यात लोक बघतातच. शर्यत २०१२ पासून चालू आहे आणि गावाने ती जत्रेसारखी घेतली आहे. ढोल-ताशे, शाळांची पोरं, ताटं वाजवणाऱ्या आज्या. पोलीस परेड ग्राउंडवरून निघून गावातून मी समर्थ मंदिराच्या कोपऱ्यावर आले, तर आमची मंडळी पहिल्या रांगेत. थोरला मान वळवून उभा, मित्रांसमोर आई पळतेय म्हणजे काय. धाकटीने मला पाहिलं आणि हात पुढे केले. मी नुसता हात हलवून पुढे जायला हवं होतं. मी थांबले. घेतलं. चूक केली. आता ती खाली उतरेना. गळ्याला मिठी, नाक माझ्या नंबराच्या कागदाला पुसलेलं. शेजारून शेकडो लोक चाललेत. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी सासूबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाल्या, "जा तू. पोरं रडत्यातच."

घाटाच्या पहिल्या दोन वळणांपर्यंत मला तिचं रडणं ऐकू येत होतं. खरं म्हणजे शक्य नाही, ढोल चालू होते. पण येत होतं. वरती धुक्याच्या फटीतून एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी दिसलं, पुढे दुसऱ्या बाजूला उरमोडीचं. दर वर्षी मी तिथे मुद्दाम मान वर करून बघते. त्या दिवशी बघितलं आणि काही वाटलं नाही. परतीचं वळण घेतलं आणि उताराला लागले, तेव्हा मात्र मांड्यांनी जिन्यातले सगळे नाइटचे आठवडे काढून दिले. मी सुटले. घड्याळाकडे बघितलंही नाही.

समर्थ मंदिराच्या कोपऱ्यावर परत आले तर गर्दी तशीच, ढोल तसेच. सासूबाई त्याच जागी उभ्या. खांद्यावर धाकटी, गाढ झोपलेली, तोंड उघडं. थोरला बाजूला वडापाव खातोय. मी जवळ येताना दिसले तसं सासूबाईंनी डोळे मोठे केले, एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खूण केली, हळू, हळू, गुपचूप जा. दहा फुटांवर ताशा कडाडत होता. आणि मी, काय सांगू, खरंच चवड्यांवर गेले त्यांच्यासमोरून.

दोन तास एक्केचाळीस मिनिटं. मुलं व्हायच्या आधीची माझी वेळ दोन तास बारा. नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, किती लागले? मी सांगितलं. तो म्हणाला, त्यातली पोरीची किती? मी म्हटलं, चार. मग त्याने तक्त्यावर त्या रविवारपुढे लाल 'प' काढला आणि शेजारी नवीन खूण केली, 'आ'. आईची. त्या खात्यात आमचं येणं काहीच नाही, नुसतं देणं आहे. ते फेडायला दिवाळीत मी चार दिवस गावी गेले आणि त्यांना साताऱ्याला पाठवून दिलं, मुलाकडे, नुसतं बसायला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "करमना बाय. ये आता."

तर मुली, लग्नाआधी त्याला स्वयंपाक येतो का, हे विचारशीलच. शिफ्ट कुठली असते, तेही विचार.

साडेअकरा झाले. धाकटीने एकदा कूस बदलली. जुना मोबाइल चार्जिंगला लावलाय, पहाटे पावणेपाचचा गजर माझ्या उशीखाली, आवाज बंद, नुसता थरथरणारा. बूट दाराबाहेर काढून ठेवलेत. काल जिना झाला नाही, कडी वाजली. आज रात्री निघताना नवऱ्याने खिशातून कंपनीतल्या ग्रीसची पुडी काढली, बोटाने कडीला लावली, दोनदा सरकवून बघितली, हात माझ्या ओट्यावरच्या फडक्याला पुसले आणि गेला.